सुरतेस उतरावे कोठे?

परदेशी स्थायिक झालेल्या आमच्या एका आप्ताने मागील हिवाळ्यात आम्हांस पत्राने प्रश्न केला: “सुरतेस यावयाचे आहे. शहर मोठे, पसरलेले, ओळखीचे कोणी नाही. उतरावे कोठे?” आमचे बिऱ्हाड चलथाणास. तेव्हा “आमच्याकडे उतरावे” हे उत्तर शिष्टाचाराने ठरलेलेच होते, व ते आम्ही दिलेही. परंतु प्रश्न मनात घोळत राहिला. समुद्रावरून आलेल्या माणसाने सुरतेत उतरावे कोठे, हा प्रश्न चारशे वर्षांपूर्वीच्या कागदोपत्री पुनःपुन्हा येतो. त्या काळी त्याच्या उत्तरावर पाहुण्याची झोपच नव्हे, तर त्याचा माल, अब्रू, आणि प्रसंगी प्राणही अवलंबून असत.

चलथाणचे नाव इतिहासाच्या ग्रंथांत शोधणाऱ्याच्या पदरी निराशा येईल. आज हे गाव साखर कारखान्यामुळे व तापी खोऱ्याच्या रेल्वेमुळे ओळखले जाते. उधना सोडून गाडी बारडोलीकडे, पुढे व्यारा, नवापूर, नंदुरबार अशी खानदेशात शिरते, त्या वाटेवरील हे स्टेशन. शेजारी कडोदऱ्याला मुंबई-अहमदाबाद महामार्ग आणि खानदेशातून येणारा रस्ता एकमेकांस छेदतात. पण ही वाट रेल्वेहून पुष्कळ जुनी आहे. विल्यम फिंच हा इंग्रज व्यापारी इ. स. १६१० च्या जानेवारीत सुरतेहून आग्र्यास निघाला, तेव्हा त्याने पहिले गाव कुंभारिया असे नोंदविले, सुरतेपासून तीन कोस. आणि पुढचे मोटा, तेथून सात कोस. ही दोन्ही गावे आजही त्याच नावांनी नांदत आहेत, आणि त्यांच्या मधल्या पट्ट्यात आमचे चलथाण आहे. सुरतेस गलबतातून उतरून बादशहाच्या दर्शनास बुऱ्हाणपूरमार्गे जाणारा जो तो ह्याच अंगाने गेला. म्हणून ह्या वाटेच्या कडेला बसून सुरतेच्या पाहुण्यांची हकीकत सांगण्याचा थोडासा अधिकार आम्हांस आहे असे आम्ही समजतो.

मोठी जहाजे सुरतेच्या धक्क्याला लागत नसत. तापीच्या मुखात गाळ फार; त्यामुळे ती सुवाळीच्या समुद्रात नांगर टाकीत, आणि माणसे व माल होड्यांनी किंवा बैलगाड्यांनी शहरात येई. शहरात शिरताना पहिली गाठ पडे ती जकातघराशी. तेथील अंगझडतीबद्दल तक्रार न केलेला प्रवासी आमच्या पाहण्यात नाही. १६०८ च्या ऑगस्टमध्ये ‘हेक्टर’ जहाजाचा कप्तान विल्यम हॉकिन्स आपल्या राजाचे पत्र घेऊन आला. शहरातील लोकांनी त्याचे स्वागत गर्दीने व वाद्यांनी केले. पण रात्री त्यास मिळालेली जागा कोणती, तर जकातघराच्या पहारेकऱ्याची खोली! राजाचा निरोप्या आणि मुक्काम देवडीवर. दुसऱ्या दिवसापासून सोय जराशी सुधारली. तथापि पुढे पोर्तुगीजांनी आपले घर गाठून आपणांस मारण्याचे बेत केले असे त्याने लिहून ठेवले आहे. परक्या शहरात भाड्याने घेतलेले घर म्हणजे चार भिंती व एक दार. दारावर उभे राहणारे आपले माणूस नसेल तर त्या भिंती काय कामाच्या, हे हॉकिन्सला पुरते कळले असावे. १६०९ च्या आरंभी तोही बुऱ्हाणपूरच्या वाटेने उत्तरेस गेला.

सर टॉमस रो हा इंग्लंडच्या राजाचा वकील १६१५ च्या सप्टेंबरात उतरला. आपण वकील आहोत, सबब आपली झडती होता कामा नये, हा त्याचा हट्ट. आणि सुभेदाराने आधी आपल्या भेटीस यावे, आपण त्याच्याकडे प्रथम जाणार नाही, हा दुसरा. ह्या मानापमानात महिन्याहून अधिक काळ गेला. शेवटी तो निघाला आणि नोव्हेंबरच्या मध्यास बुऱ्हाणपुरास पोहोचला. तेथे कोतवालाने मोठ्या इतमामाने त्यास एका सराईत नेले. दर्शनी भाग दगडी व देखणा होता; आत गेल्यावर मात्र विटांच्या, वर घुमटी असलेल्या चार कोठड्या, भट्टीएवढ्या. वकीलसाहेबांनी आपला तंबू उभारून त्यात राहणे पत्करले. खानदेशातील उन्हाळा ज्यांनी भोगला आहे, ते विटांच्या घुमटीखाली निजणे काय असते हे जाणतात. रो तर हिवाळ्याच्या तोंडावर आला होता! दर्शनी भाग पाहून मुक्काम ठरवू नये, हा धडा चारशे वर्षांत जुना झालेला नाही.

ह्या रोच्या खटपटीचे फळ म्हणजे १६१८ मध्ये शाहजादा खुर्रम याच्याकडून मिळालेले फर्मान. त्यात एक कलम आमच्या विषयाच्या दृष्टीने मोलाचे आहे. इंग्रजांनी सुरतेत घर भाड्याने घ्यावे. परंतु विकत घेऊ नये व बांधूही नये. पाहुण्याने पाहुणाच राहावे, घरमालक होऊ नये, हा ह्या कलमाचा अर्थ, आणि आमच्या मते मोगलांच्या राज्यकारभारातील ही एक शहाणपणाची गोष्ट होय. पुढे कित्येक दशकांनी, १६८९ मध्ये, ओव्हिंग्टन हा पाद्री सुरतेस आला तेव्हाही इंग्रजांची वखार बादशाही मालकीच्या घरातच होती. वर्षाचे भाडे साठ पौंड. आणि तेही घराच्या डागडुजीतच खर्ची पडे, असे तो सांगतो. मुंबईत ह्याच लोकांना बेट मिळाले आणि ते भाडेकरूचे मालक झाले. १६८७ मध्ये कंपनीने आपले ठाणे सुरतेहून मुंबईस हलविले, त्यामागे कारणे अनेक होती. त्यांत हेही एक धरावे लागेल.

असो. पाहुण्याकडे वळू. सतराव्या शतकात सुरतेस आलेल्या युरोपियापुढे चार मार्ग असत. इंग्रजांची वखार, डचांची वखार, कापुसिन पाद्र्यांचा मठ, किंवा स्वतंत्र भाड्याचे घर. (फ्रेंचांची वखार १६६८ मध्ये आली.) मुसलमान यात्रेकरू, इराणी, तुर्की व आर्मेनियन व्यापारी यांच्यासाठी सराया होत्या. त्यांपैकी हकीकतखानाने १६४४ मध्ये, शाहजहानच्या अमदानीत, बांधलेली सराई अद्याप उभी आहे. मक्केस जाणाऱ्या व परतणाऱ्या यात्रेकरूंचा राबता सुरतेस एवढा मोठा की ‘मक्केचे द्वार’ हे शहराचे दुसरे नावच पडले होते. गुजरातेत पाहुणचाराची वृत्ती किती दूरवर जाई ह्याचे ओव्हिंग्टनने सांगितलेले एक उदाहरण येथे दिल्यावाचून राहवत नाही. पांजरपोळात जनावरांची सोय होतीच. पण ढेकूण व पिसवांनाही उपास पडू नये म्हणून एखाद्या गरिबास पैसे देऊन रात्रभर खाटेवर निजविले जाई, असे तो म्हणतो. पाद्रीबुवांनी हे स्वतः पाहिले की ऐकले, ह्याची खात्री आम्ही देत नाही. खाटेवरील त्या माणसास मात्र सुरतेतील सर्वांत वाईट मुक्काम मिळाला, ह्यात शंका नाही.

वखारीत उतरणे बहुधा फुकट पडे. पण वखारीचा एक दोष असा की ते पुरुषांचे घर होते. १६२३ च्या फेब्रुवारीत पिएत्रो देल्ला व्हाल्ले हा रोमचा सरदार इंग्रजांच्या जहाजातून सुरतेस आला. त्याच्याबरोबर मारियुच्चा नावाची, त्याने व त्याच्या पत्नीने पोरकी म्हणून सांभाळलेली, एक जॉर्जियन मुलगी होती. पत्नी सित्ती मआनी इराणात वारली होती. तिचे मसाल्याने जतन केलेले शव तो सामानात लपवून बरोबर बाळगीत होता, व पुढे रोमला नेऊन त्याने ते पुरले. म्हणजे हा शोध एकट्याच्या मुक्कामाचा नव्हता. एक तरुण मुलगी आणि जकातदारापासून दडविलेली एक मृत स्त्री यांनाही छप्पर हवे होते. इंग्रजांच्या प्रमुखाने निमंत्रण दिले होते. पण त्या घरात एकही बाई नव्हती. डचांपैकी काही जण मात्र संसार थाटून राहिले होते. तेव्हा मुलीची सोय पाहून देल्ला व्हाल्ले डचांच्या आश्रयास गेला. त्याच वर्षी तो गोव्यास पोहोचला तेव्हा तेथेही प्रश्न तोच. जेझुइटांनी त्यास आपल्याकडे घेतले. मारियुच्चास मात्र एका प्रतिष्ठित पोर्तुगीज बाईच्या घरी ठेवावे लागले. आमच्या कोंकणी वाचकांस हे वाचून नवल वाटणार नाही. घरात बाई आहे की नाही हे पाहूनच आपल्याकडेही पाहुणी ठेवीत, आणि अजूनही ठेवतात.

वखारीच्या पाहुणचाराचे दुसरे टोक म्हणजे टॉमस कोर्याट. हा विक्षिप्त इंग्रज अलेप्पोहून अजमेरपर्यंत पायी आला. पुढे मांडवगडास रोच्या छावणीत काही काळ राहून १६१७ च्या अखेरीस, प्रकृती ढासळलेली असता, तो सुरतेस आला. स्वदेशीय मंडळींनी त्यास आपल्यात घेतले. सॅक नावाचे विलायती मद्य नुकतेच घरून आले आहे हे कळताच त्याने ते मागितले; थोडेच घेतले म्हणतात, पण आधीच हगवण लागलेली होती. डिसेंबरात तो वारला. आशिया पायांखाली घालणारा हा माणूस स्वतःच्या लोकांच्या प्रेमळ पाहुणचाराला बळी पडला. त्याच्या मांडवगडातील तंबूचा सोबती टेरी पाद्री याने ही हकीकत लिहून ठेवली नसती तर ती आपणांपर्यंत आलीही नसती. त्याच्या उलट १६३८ मध्ये आलेला मांडेल्स्लो. इंग्रजांचा प्रमुख मेथवोल्ड याच्या घरी तो काही महिने सुखाने राहिला, जेवला, शिकारीला गेला आणि आनंदाने तसे लिहून गेला. नशीब, दुसरे काय?

परंतु ह्या साऱ्या मुक्कामांची खरी पारख झाली ती १६६४ च्या जानेवारीत. ह्या प्रसंगाविषयी मराठी माणसाने जे वाचलेले असते ते बहुधा राजगडाच्या बाजूने असते. आणि ते तसेच असावे, कारण शाइस्तेखानाने तीन वर्षे स्वराज्य उजाड केल्यानंतर महाराजांना पैसा हवा होता व तो मोगलांच्या सर्वांत श्रीमंत बंदरातून घेण्यात अन्याय नव्हता. पण एकदा तरी तो प्रसंग पाहुण्याच्या खोलीतून पाहावा, अशी आमची सूचना आहे. शहरास तेव्हा धड तट नव्हता. महाराज ६ जानेवारीस बुऱ्हाणपूर दरवाजाबाहेरच्या बागेत उतरले. म्हणजे आमच्याच वाटेच्या तोंडाशी. सुभेदार इनायतखान किल्ल्यात जाऊन बसला. ज्याच्या हाती पाहुण्यांचे रक्षण, तोच प्रथम आत गेला. उरलेल्यांचे काय झाले ते ज्याच्या त्याच्या मुक्कामावर ठरले.

इंग्रजांचा प्रमुख सर जॉर्ज ऑक्झेंडन याने सुवाळीहून खलाशी आणवून वखार लढविण्याची तयारी केली; ती वाचली. डचांचीही वाचली. वखारीला लागूनच हाजी सैद बेग ह्या धनाढ्याचा वाडा होता. तो मात्र लुटला गेला, आणि इंग्रजांनी मध्ये पडून मराठ्यांना तेथून हुसकल्यावर उरले तेवढे उरले. डचांच्या बाजूला राहणारा वीरजी व्होरा, त्या काळी जगातील मोठ्या सावकारांत गणला जाणारा, त्याचाही वाडा गेला. चांगला शेजार सर्वांनाच तारीत नाही. कापुसिन पाद्री आंब्रोस याच्या मठास महाराजांनी हात लावू दिला नाही, फिरंगी पाद्री भले लोक आहेत म्हणून. तसेच डचांच्या एका दिवंगत हिंदू दलालाचे घर त्याच्या दानधर्माच्या लौकिकामुळे वगळले, असे फ्रेंच प्रवासी बर्निये सांगतो. तो स्वतः तेव्हा सुरतेस नव्हता, हे ध्यानात ठेवून ही साक्ष घ्यावी. तरी त्याने महाराजांची स्तुती करण्याचे काही कारण नव्हते. मठाला तट नव्हता, तोफ नव्हती. त्यास राखले ते नावाने.

आता ज्यांना नाव नव्हते, वखार नव्हती त्यांची गोष्ट. हबशाणच्या राजाचे दोन वकील औरंगजेबाच्या दरबारी जाण्यासाठी नुकतेच सुरतेस उतरले होते. एक मुराद नावाचा आर्मेनियन व्यापारी आणि दुसरा एक मुसलमान. त्यांच्याजवळ बादशहाकरिता नजराणे होते. ज्या घरात ते उतरले होते ते जळाले. वाचली ती राजपत्रे, काही आजारी गुलाम, अंगावरील हबशी पोशाख, पट्ट्यापट्ट्यांच्या रानखेचराचे एक कातडे, आणि जव्वाद कस्तुरीने भरलेले असावयाचे पण रिकामे झालेले एक बैलाचे शिंग. एवढे घेऊन हे वकील पुढे दिल्लीस गेले. तेथे बर्नियेने त्यांना पाहिले आणि त्यांच्या दैन्याची थोडी थट्टाही केली. आम्हांस ती थट्टा रुचत नाही. ज्या बादशहाच्या बंदरात पाहुणे लुटले गेले, त्याच्याच दरबारात रिकामे शिंग घेऊन उभे राहावयाचे, हा प्रसंग हसण्याचा नव्हे. महाराजांचे त्या दोघांशी वैर नव्हते. त्यांचे घर कोणाचे, ते पाहुणे कोण, हे त्या धुमाळीत कोणी विचारलेही नसेल. स्वराज्याच्या गरजेची किंमत ज्यांनी दिली त्यांत हेही दोघे होते, एवढे आपल्या इतिहासकाराने लिहावे. त्याने महाराजांचे काही उणे होत नाही.

आणि ज्याला त्या दिवशी मुक्कामच नव्हता त्याची गत? अँथनी स्मिथ नावाचा वखारीतला इंग्रज सुवाळीकडून शहरात येताना वाटेत सापडला, आणि मराठ्यांच्या छावणीत कैदी झाला. धन न देणाऱ्यांचे हात तोडले जाताना आपण पाहिले, असे त्याने सुटून आल्यावर सांगितले. सुभेदाराने बोलणीसाठी म्हणून पाठविलेल्या माणसाने महाराजांवर खंजीर उगारला होता, हेही त्याच दिवसांतले. दोन्ही गोष्टी एकत्र वाचल्या पाहिजेत. एकच वाचणारे दोन्ही बाजूंस पुष्कळ आहेत. १० जानेवारीस महाराज निघाले. औरंगजेबाने व्यापाऱ्यांना एका वर्षाची जकात माफ केली, आणि शहराभोवती विटांचा तट घालण्याचे काम सुरू झाले. १६६६ मध्ये आलेल्या तेव्हेनोने ते काम चालू असलेले पाहिले.

तट आला, पण दुसऱ्या खेपेस तो पुरला नाही. १६७० च्या ऑक्टोबरच्या ३ तारखेस महाराज पुन्हा आले. ह्या वेळी मुक्कामांतील भेद अधिकच उघड झाला. इंग्रजांची वखार स्ट्रेनशॅम मास्टर याने राखली. फ्रेंचांनी मराठ्यांशी समेट केला. नव्या सराईतील इराणी व तुर्की व्यापारी एकजुटीने लढले आणि त्यांनी आपली सराई वाचविली. फ्रेंच व इंग्रज ह्या दोन वखारींच्या मध्ये तार्तर सराई होती; तेथे काशगरचा पदच्युत राजा अब्दुल्लाखान मक्केहून परतून उतरला होता. त्याच्या माणसांनी दिवसभर तोंड दिले, पण रात्री तो मंडळींसह किल्ल्यात निघून गेला, आणि मागे राहिलेले सोने, चांदी, भांडी सारे मराठ्यांच्या हाती पडले. त्यात एक सोन्याचा पलंग होता असे म्हणतात. ज्याचे राज्य मुलाने घेतले, हज करून जो परतला, त्याला सुरतेच्या सराईत तो पलंगही टिकविता आला नाही. पाहुण्याने एकट्याने दुर्बळ जागी श्रीमंती बाळगू नये, हे त्यास कोणी सांगितले नव्हते. किंवा राजा असल्यामुळे सांगण्याचे धैर्य कोणास झाले नसावे. शेजारच्या सराईतील साध्या व्यापाऱ्यांजवळ पलंग नव्हते, पण बंदुका होत्या आणि एकमेकांवर विश्वास होता.

पुढची कथा थोडक्यात. मुंबई वाढली, सुरत ओसरली. १८३७ मध्ये आग व पूर ह्यांनी एकाच वर्षात शहर खिळखिळे केले. यात्रेकरू मुंबईच्या बंदरात उतरू लागले. हकीकतखानाची सराई १८६७ मध्ये नगरपालिकेकडे आली, आणि आज तेथे महानगरपालिकेचे मुख्य कार्यालय आहे. जेथे हाजी आपल्या गाठोड्याला उशी करीत, तेथे आता घरपट्टीचे अर्ज घेतात. १९०० च्या सुमारास तापी खोऱ्याची रेल्वे अमळनेरपर्यंत पोहोचली. फिंच व रो ज्या वाटेने आत गेले, त्याच वाटेने खानदेशातील हजारो कुटुंबे उलट दिशेने सुरतेत आली. लिंबायत, उधना, डिंडोलीत आज अहिराणी व मराठी ऐकू येते ती ह्या रुळांमुळे. ती माणसे उतरली कोठे? वखारीत नव्हे, सराईत नव्हे; आधी आलेल्या गाववाल्याच्या एका खोलीत, दहाजण मिळून. सुरतेतील हा पाचवा मार्ग कोणत्याही प्रवासवर्णनात नाही, पण सर्वांत अधिक माणसे त्यानेच आली.

आमचे आप्त शेवटी कोठे उतरले, हे वाचक विचारतीलच. विमानतळ डुमसच्या बाजूस, हिऱ्यांचा नवा बाजार खजोदला, जुना महिधरपुऱ्यात, कापडाचा रिंगरोडला. त्यांची कामे चारही ठिकाणी होती. पहिल्या तीन रात्री त्यांनी डुमसच्या रस्त्यावरील एका मोठ्या हॉटेलात काढल्या. दर्शनी भाग दगडी व देखणा होता. चौथ्या दिवशी संध्याकाळी ते सामान घेऊन चलथाणास आले. हॉटेलात काही उणे होते असे ते म्हणाले नाहीत, आम्हीही विचारले नाही. सोबत पत्नी व शाळकरी मुलगी होती. दुसऱ्या दिवशी मुलीने नकाशावर कुंभारिया शोधून काढले, आणि तीन कोस म्हणजे किती किलोमीटर, असा प्रश्न केला. कोस प्रांतागणिक बदलतो, हे सांगता सांगता चहा निवला. आमच्या घरी गव्हाची पोती असलेल्या माडीवर त्यांची अंथरुणे घातली होती; खाली रात्रभर उसाच्या गाड्या कारखान्याकडे जात होत्या.